हिरव्या तारेचा हिशेब

झाशीत उन्हाळ्यात लोखंडी कूलरला हात लावायची एक रीत आहे. तळव्यानं लावायचा नाही, उलट्या हातानं लावायचा, म्हणजे झटका बसलाच तर हात आखडून आपोआप मागे येतो, मूठ पत्र्याला धरून बसत नाही; पायात रबरी चपला हव्यात, खाली पाणी सांडलेलं नको, आणि टाकी भरताना बटण बंद करून, वर पिन काढून, वर घरातल्या कुणाला तरी “बंद आहे ना?” असं ओरडून विचारून मगच नळी आत सोडायची. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं की नवी सून पहिल्यांदा पुण्याहून आली तेव्हा हिनं तिला घर दाखवताना हे देवघर, हे न्हाणीघर, आणि हा कूलर, हा करंट मारतो, अशी घरातल्या वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी तशी ओळख करून दिली. सुनेनं त्याला लांबून नमस्कार केला.

मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कूलरवर रुसून चालत नाही. पण तो करंट मारतो तर का मारतो, हे विचारायची बुद्धी मला निवृत्तीनंतर झाली, आणि निवृत्त माणसाला झालेली बुद्धी घराला महागात पडते.

आम्ही इथले कसे, ते आधी सांगतो. झाशीत मराठी माणूस मुख्यतः दोन खेपांनी आला. पहिली खेप मराठ्यांच्या सुभेदारीबरोबरची, नेवाळकरांच्या वेळची. 1842 साली ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, ते मंदिर त्यांचं आणि त्या बाजूच्या शहरात त्यांचा मान. दुसरी खेप आगगाडीनं आली. झाशीची लाईन आधी इंडियन मिडलँड रेल्वेची. 1900 साली ती जीआयपीच्या हातात गेली आणि झाशीचे हुकूम बोरीबंदरवरून सुटू लागले. जीआयपीची पुढे मध्य रेल्वे झाली तरी हे चालू होतं, ते 2003 साली उत्तर मध्य रेल्वे निघून कारभार अलाहाबादला जाईपर्यंत. भुसावळहून माझ्या वडिलांची बदली अशाच एका हुकुमानं झाली, “दोनेक वर्षांत परत” असं आजीला सांगून ते आले, आणि रेल्वेच्या वसाहतीला लागून, प्रेम नगरात, घर बांधूनच थांबले. पहिल्या खेपेतल्यांच्या घरी भिंतीवर तलवारी असतात. आमच्याकडे हिरवी-लाल काच असलेला गार्डाचा कंदील आहे.

मीही रेल्वेतच लागलो, त्यामुळे गल्लीत माझ्याबद्दल एक गैरसमज पसरला, आणि तो मी कधी मोडून काढला नाही. शेजारून 25,000 व्होल्टची तार जाते, त्या खात्यात ज्यानं उभा जन्म काढला त्याला घरातले 230 व्होल्ट म्हणजे किरकोळ, अशी लोकांची समजूत. मी लेखा विभागात होतो. विजेशी माझा संबंध बिलावरच्या सहीपुरता.

दोन उन्हाळ्यांमागे मुलानं पुण्याहून फोनवर फोन करून घरातले चिनी मातीचे किटकॅट फ्यूज काढायला लावले आणि त्यांच्या जागी लोखंडी डबा बसवला, ज्याला सगळे डीबी म्हणतात. त्यात ओळीनं एमसीबी आणि एका टोकाला आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट यांची आरसीसीबी सतत जुळवाजुळव करत असतो आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की पापणी लवायच्या आत खटकन् खाली पडतो. येणं-जाणं जुळवणारा, तफावत दिसली की काम बंद पाडणारा! इतका आपल्या खात्यातला प्राणी विजेच्या डब्यात भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

मिस्त्रीनं फेज जोडले, न्यूट्रल जोडले, आणि खोल्याखोल्यांतून आलेल्या अर्थिंगच्या हिरव्या तारा टोकांना काळी टेप गुंडाळून डब्याच्या कोपऱ्यात कोंबल्या. म्हणाला, “बाबूजी, अर्थिंग बाद में. पहले नया गड्ढा होगा।” आणि त्यानं खड्ड्याचा खर्च सांगितला. आता, अंदाजपत्रकात खड्डा दिसला की त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढायचं, या संस्कारात मी वाढलेलो. भिंतीतून एक जाड आठ नंबरची जीआय तार बाहेरून डब्यात आलेली मला स्पष्ट दिसत होती. अर्थिंग आहे की! मग खड्डा कशाला? मी प्रकरण प्रलंबित ठेवलं.

ते या मे महिन्यात मी स्वतःच उघडलं. डब्याचं झाकण काढलं आणि आतल्या त्या कोंबलेल्या तारा बघून मला जो त्रास झाला तो करंटपेक्षा मोठा होता. रजिस्टरमध्ये ज्यानं कधी रकान्याबाहेर आकडा जाऊ दिला नाही, त्याच्या घरात, त्याच्याच जिन्याखाली, ही अनागोंदी! अर्थिंगचं तत्त्व मी वाचून काढलं, आणि हिला चहाबरोबर समजावूनही सांगितलं. यंत्राच्या आत कुठं तार सोलवटली आणि करंट बाहेरच्या पत्र्यात उतरला, तर त्याला माणसाच्या अंगातून जायच्या ऐवजी जमिनीत जायला एक सोपी, कमी विरोधाची वाट करून द्यायची. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते ती त्यासाठीच, आत जाताना ती पहिली लागते आणि बाहेर येताना शेवटी सुटते. ही म्हणाली, “हे सगळं कळलं. पण मिस्त्रीला बोलवा.” मी सीपरी बाजारात गेलो.

तिथं मी पितळी अर्थ-लिंक घेतली, म्हणजे भोकं आणि स्क्रू असलेली पट्टी. थिंबलं घेतली, ती दाबायची पक्कड घेतली, प्लॅस्टिकच्या टायांचं पाकीट घेतलं, आणि नंबर घालायच्या बारीक नळ्याही घेतल्या, ज्या घरगुती कामाला कुणी घेत नाही असं दुकानदारानं स्वतः सांगितलं. हिरवी तार थोडी पुरली असती, पण 90 मीटरचं बंडल स्वस्त पडतं असा हिशेब निघाला. आमच्या घरात आता कपडे वाळत घालायच्या दोऱ्या हिरव्या आहेत.

काम दुपारी सुरू केलं. मेन स्विच पाडला, म्हणजे कूलर बंद, पंखे बंद, फ्रिज बंद, आणि हिच्या हातात बॅटरी. तार सोलणं हे बघायला सोपं असतं. वरचं हिरवं कातडं काढायचं आणि आतले तांब्याचे केस शाबूत ठेवायचे, एवढंच. पण मी पक्कड दाबली की कातड्याबरोबर निम्मे केसही गळून पडायचे, मग ते टोक कापून नव्यानं सोलायचं, पुन्हा निम्मे केस, पुन्हा कापायचं, असं करता करता स्वयंपाकघराची तार इतकी आखूड झाली की ती लिंकपर्यंत पोचेना आणि लिंकच सरकवून तिच्याकडे न्यावी लागली. तोवर देवघराच्या तारेला थिंबल लावलं ते दुप्पट मापाचं निघालं, दाबलं तरी तार आत लळतलोंबत राहिली. ती पक्की करायला गेलो तर लिंकचा स्क्रू निसटून डब्याच्या तळाशी गेला, तो काढायला हिनं राखीव ठेवलेल्या लोणच्याच्या लांब चमच्याला चुंबक बांधलं, आणि पितळेला चुंबक लागत नाही हे आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं. घामानं चष्मा घसरत होता. बॅटरीचा झोत हळूहळू माझ्या मानेवर स्थिरावला, कारण बॅटरी धरणारीला डुलकी लागली होती.

फ्रिजमध्ये श्रीखंड होतं. त्याचं पुढं पियूष झालं.

पण काम उरकलं तेव्हा तो डबा बघण्यासारखा होता. एका भोकात एकच तार, एका स्क्रूखाली दोन नाहीत. सगळ्या तारा काटकोनात वळलेल्या, दर चार बोटांवर टाय, टायांची शेपटं एका बाजूला छाटलेली. प्रत्येक तारेवर नंबर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या टपोऱ्या अक्षरात तक्ता: 1 स्वयंपाकघर, 2 बैठक, 3 न्हाणीघर, 4 देवघर. “देवाला अर्थिंग कशाला?” हिनं जागी होऊन विचारलं. तिथं दिव्यांची माळ असते, मी म्हणालो. बाहेरून आलेली ती जाड जीआय तार मी घासूनपुसून चकचकीत केली, तिचा सुबक वेढा घेतला आणि मधल्या मोठ्या बोल्टखाली आवळली. मेन स्विच वर केला. काहीही जळलं नाही. मी शेजारच्या निवृत्त लोको पायलटसाहेबांना बोलावून डबा दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि “राइटिंग बढ़िया है” म्हणाले.

संध्याकाळी हिनं पाणी काढायला फ्रिज उघडला आणि किंचाळली. फ्रिजनं आजवर कुणाला बोट लावलं नव्हतं. मी उलट्या हातानं फ्रिजला हात लावला, आणि कोपरापर्यंत त्याच त्या ओळखीच्या झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर फ्रिजच्या दारावर दिवा लागला. कपडे धुवायच्या यंत्रावर लागला. न्हाणीघरात गीझरच्या नळावर लागला. आरसीसीबी मात्र निवांत वर बसलेला, कारण त्याची हद्द 30 मिलिअँपिअर, आणि या झिणझिण्या त्याच्या आतल्या, किरकोळीत जमा. सकाळपर्यंत करंट एकट्या कूलरच्या पत्र्यात कोंडलेला होता. मी त्याला नंबर घालून, टाय बांधून, घरभर फिरायची सोय करून दिली होती.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. डबा उघडला, झाकणावरचा तक्ता वाचला, आणि कुणाच्या तरी घरी दुःखाच्या प्रसंगी गेल्यासारखी टोपी काढली. मग पिशवीतून त्यानं होल्डरला दोन तारा लावलेला साधा 100 वॅटचा बल्ब काढला. एक तार मीटरच्या बाजूच्या फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली: बल्ब लख्ख. मग दुसरी तार न्यूट्रलवरून काढून माझ्या पितळी लिंकला लावली. बल्बच्या आतली तार लाल व्हायला हवी होती, निदान गुलाबी. काही नाही. अर्थिंग चांगलं असतं तर बल्ब इथंही तसाच पेटला असता, तो म्हणाला. ही लिंक कुठल्याच जमिनीला लागलेली नाही.

“असं कसं?” मी म्हणालो. “ती जाड तार?”

“हओ, देखते हैं जे कहाँ जाती है।”

ती तार भिंतीतून बाहेर अंगणात उतरत होती, तुळशीच्या मागून जमिनीलगत जात होती, आणि नळाच्या कोपऱ्यात एका गंजक्या पट्टीनं लोखंडी पाइपाला आवळलेली होती. जुन्या घरांत ही चाल असायची. पाण्याचा लोखंडी पाइप लांबवर जमिनीतून जातो, मग वेगळा खड्डा कोण करतो, अर्थिंग त्यालाच बांधायचं. मिस्त्रीनं पाइपाला हात लावला. पाइप त्याच्या हातात आला. वीतभर तुकडा, वर पट्टी, खाली गिलावा, बस्स. त्याच्या शेजारून पांढरा प्लॅस्टिकचा पाइप दिमाखात नळाकडे चाललेला.

“बाबूजी, बाकी का पाइप कहाँ गओ?”

पाइप कुठं गेला ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण नळाची लाईन बदलली तेव्हा मी छत्री घेऊन समोर उभा होतो, गंजलेलं लोखंड जाऊन प्लॅस्टिक आलं म्हणून मीच पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, आणि जुने पाइप भंगारवाल्याच्या काट्यावर चढले तेव्हा काटा मीच तपासला होता. घरखर्चाची वही काढली. त्या महिन्याच्या पानावर, जमेच्या बाजूला, सुवाच्य अक्षरात नोंद होती: जुने पाइप, किरकोळ जमा. घराचं अर्थिंग मी किलोवर विकलं होतं.

आता खड्डा मंजूर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण झाशीत खड्डा हे बोलायचं काम नाही. किल्ला ज्या बंगरा टेकडीवर 1613 साली ओर्छ्याच्या वीरसिंह देवांनी बांधला ती टेकडी ग्रॅनाइटची, आणि तोच बुंदेलखंडी ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला, गावभर मातीखाली दबा धरून बसलेला असतो. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत आले आणि 1858 च्या वेढ्यात याच शहरात सापडले; मराठी माणसानं झाशीत सुखासुखी काही मिळवू नये, असा इथल्या जमिनीचा दंडक दिसतो. कमरेइतकं खणून झालं आणि पहार ठण्ण वाजली. दोन्ही मजूर एकमेकांकडे बघून हसले आणि बिडी प्यायला गेले.

इथं मात्र मी उपयोगी पडलो, असं मला वाटलं. आयएस 3043 हे अर्थिंगचं भारतीय मानक मी वाचून ठेवलं होतं. त्यात लिहिलंय, जीआय पाइप आतून 38 मिलिमीटरपेक्षा कमी रुंद नको, अडीच मीटरपेक्षा कमी लांब नको, आणि वाटेत खडक लागला तर पाइप तिरका पुरलेला चालेल, पण उभ्या रेषेपासून 30 अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. तिरका खड्डा खणण्यात दिवस गेला. पाइप आत उतरला तेव्हा मी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला आणि कोन बरोबर आहे का ते बघायला खड्ड्याच्या काठाशी पोटावर आडवा झालो. रणरणत्या उन्हात दोन मजूर अडीच मीटरचा पाइप पेलून उभे, मिस्त्री सावलीत, आणि खाली मी, “थोडा बाएँ... नहीं, उतना नहीं...” असा. लोको पायलटसाहेब कुंपणावरून बघत होते. त्यांना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी कांदा पाठवला.

मग कोळसा आणि मीठ आलं, थरावर थर घालायला, म्हणजे पाइपाभोवती ओल टिकते आणि मातीचा विरोध कमी होतो. मिठाची गोणी बघून मला बाजूला जाऊन बसावं लागलं. नोकरीत असताना विजेच्या कामाचं एक बिल माझ्या टेबलावर आलं होतं, त्यात कोळसा आणि मीठ. मी तरुण होतो, कर्तव्यकठोर होतो. “विद्युत कामात मिठाचे प्रयोजन काय? खुलासा व्हावा,” असा शेरा मारून फाईल परत पाठवली. ती फिरून आली. खाली इंजिनियरसाहेबांच्या हातचा एकच शब्द होता: “स्वादानुसार”. तो शब्द पुढं कितीतरी दिवस माझ्या डब्याच्या वेळी ऑफिसात ऐकू यायचा.

खड्डा भरला, नवी तार पाइपापासून लिंकपर्यंत आली, मिस्त्रीनं पुन्हा बल्ब लावला. लख्ख. त्यानं मला कूलर चालू करायला सांगितला. मी बटण दाबलं आणि जिन्याखाली खटकन् आवाज होऊन घरातला आरसीसीबी पडला. माझे हातपाय गळाले. “गेलं! सगळं गेलं!” असं मी म्हणत असताना मिस्त्री आणि दोन्ही मजूर टाळ्या वाजवत होते. गळणाऱ्या करंटला आता जमिनीत जायला वाट मिळाली होती, म्हणून तो खरा किती आहे ते पहिल्यांदाच उघडकीला आलं होतं, आणि जुळवाजुळव करणाऱ्यानं तफावत पकडली होती. कूलरच्या टाकीतलं पाणी वर चढवणारा बारका पंप मिस्त्रीनं बाहेर काढला. त्याची वायर पत्र्याच्या धारेला घासून सोलवटलेली होती. पंप बदलायला लागला तेवढाच वेळ माझ्या चहाला लागला.

उन्हाळ्यात खड्डा सुकू द्यायचा नाही, नरसाळ्यातून पाणी घालत राहायचं, असं मिस्त्रीनं बजावलं, आणि ते खातं ठरल्याप्रमाणे माझ्याकडे आलं. टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीत हा माणूस सिमेंटच्या झाकणाला रोज पाणी घालतो, हे लोकांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. समोरच्या काकींनी एकदा विचारलं, “भैया, इसमें निकलेगा क्या?” मी म्हणालो, काही निघू नये म्हणूनच घालतोय. त्या हिच्याशी हळू आवाजात बोलायला गेल्या.

पण हे नंतरचं. त्या दिवशी हिशेब चुकता झाल्यावर मिस्त्री निघता निघता पुन्हा जिन्याखाली गेला, डब्याचं झाकण उघडून बराच वेळ उभा राहिला. माझ्या त्या जोडण्यांपैकी त्यानं एक देवघराचं थिंबल बदललं होतं, बाकीच्यांना हात लावला नव्हता. तेल चोपडून दोन वेण्या घातलेल्या शाळकरी पोरीच्या भांगासारख्या त्या हिरव्या तारा आत सरळ बसल्या होत्या. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि फोटो घेतला. मी पुढं होऊन एक टाय सारखा केला.

“नए लड़के काम सीखने आते हैं,” तो म्हणाला, “उनको दिखाएँगे।”

“बारीक अक्षर दिसतं का बघा,” मी म्हणालो. “तक्ता सुद्धा येऊ द्या.”

“आएगा, आएगा।” त्यानं मोबाइल जरा मागे घेतला. “बाबूजी, आप भी बगल में खड़े हो जाओ। नहीं तो लड़के मानेंगे नईं।”

मी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि उभा राहिलो.